लुआ बसवताना लिंकर अडतोय? एररमधलं नाव नीट वाचा

सी किंवा सी प्लस प्लसच्या प्रोग्रॅममध्ये एखादी स्क्रिप्टिंग भाषा बसवायला घेतली की पहिली अडचण बहुतेकांना एकाच ठिकाणी येते. कोड लिहून झाला, कंपाइलरने हूं की चूं केलं नाही, आणि मग शेवटच्या क्षणी स्क्रीनवर ओळीमागून ओळी यायला लागतात, अनडिफाइन्ड रेफरन्स टू लुआएल_न्यूस्टेट, अनडिफाइन्ड रेफरन्स टू लुआएल_ओपनलिब्ज, अनडिफाइन्ड रेफरन्स टू लुआ_क्लोज, आणि सगळ्यात खाली कलेक्ट२: एरर: एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस. मग माणूस काय करतो, तर ती शेवटची ओळ कॉपी करून सर्च करतो. त्या शेवटच्या ओळीत काहीच माहिती नसते, ती फक्त "जमलं नाही" एवढंच सांगते, आणि सर्चमध्ये शंभर वेगवेगळी उत्तरं मिळतात, ती एकेक करून टाकत बसण्यात संध्याकाळ जाते.

माझं म्हणणं एवढंच आहे की लिंकरच्या, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्ऱ्या जोडणाऱ्या प्रोग्रॅमच्या, एररमध्ये जे नाव छापलेलं असतं ना, ते नाव अक्षर न् अक्षर वाचलं तर बहुतेक वेळा कारण तिथेच कळतं. कारणं मोजकीच आहेत आणि प्रत्येक कारण त्या नावावर आपली खूण सोडून जातं. खाली त्या खुणा ओळखायच्या कशा ते बघू. उदाहरण लुआचं घेतलंय कारण ती मुळातच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये बसवण्यासाठी बनलेली भाषा आहे. (फंक्शनची नावं आणि कमांड देवनागरीत लिहितोय, तुमच्या स्क्रीनवर त्या इंग्रजी अक्षरांत दिसतील.)

## भाषा "बसवणं" म्हणजे नक्की काय

लुआ १९९३ साली ब्राझीलमध्ये, रिओ दि जानेरोच्या पीयूसी-रिओ विद्यापीठात तयार झाली. ती पूर्ण सी भाषेत लिहिलेली आहे आणि अगदी आटोपशीर आहे. तुमचा मुख्य प्रोग्रॅम सी मध्ये असतो, वेगवान असतो, पण त्यात छोटा बदल करायचा तरी परत कंपाइल करावं लागतं. म्हणून मग बदलणारा भाग, गेममधले नियम, सेटिंग, प्लगइन वगैरे, लुआच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवतात आणि तो चालवणारा इंटरप्रिटर तुमच्याच प्रोग्रॅमच्या पोटात बसवतात. रेडिस, निओव्हिम, वायरशार्क, व्हीएलसी, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, या सगळ्यांत हेच केलेलं आहे. मराठी विकिपीडियावर लेखाच्या बाजूला माहितीचौकट दिसते ना, तसल्या बऱ्याच साच्यांच्या मागेही लुआच असते, २०१३ पासून विकिपीडियावर ही सोय आहे, आणि तिथे लुआ ५.१ चा इंटरप्रिटर पीएचपीच्या एका सी मध्ये लिहिलेल्या एक्स्टेन्शनमध्ये बसवलेला आहे. म्हणजे हा विषय वाटतो तितका कोपऱ्यातला नाही.

बसवायचं म्हणजे तुमच्या कोडमधून लुआची फंक्शन्स बोलवायची. लुआएल_न्यूस्टेट बोलावलं की नवा इंटरप्रिटर तयार होतो, लुआएल_ओपनलिब्जने त्याच्या स्टँडर्ड लायब्ऱ्या उघडतात, मग स्क्रिप्ट चालवायची आणि शेवटी लुआ_क्लोज. एवढ्या चार ओळींचा प्रोग्रॅम पण लिंकरशी भांडायला पुरेसा आहे.

## कंपाइलर गप्प आणि लिंकर ओरडतो, असं का

कारण ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोघांना वेगवेगळ्या गोष्टी लागतात. कंपाइलरला फक्त हेडर फाइल लागते, म्हणजे लुआ.एच. त्यात "या नावाचं फंक्शन आहे, ते अमुक घेतं आणि तमुक देतं" एवढंच लिहिलेलं असतं, फंक्शनचं खरं काम त्यात नसतं. कंपाइलर त्यावर विश्वास ठेवतो आणि तुमची ऑब्जेक्ट फाइल, मेन.ओ, बनवून मोकळा होतो. त्या फाइलमध्ये जिथे जिथे लुआचं फंक्शन बोलावलंय तिथे रिकामी जागा असते आणि सोबत एक यादी, की ही ही नावं अजून शोधायची आहेत. या नावांना सिंबल म्हणतात.

लिंकर ती यादी घेतो आणि मंडईत निघालेल्या माणसासारखा गाळ्यागाळ्यावर जातो. गाळे म्हणजे लायब्ऱ्या. यादीतलं नाव ज्या गाळ्यावर मिळेल तिथून तेवढाच माल उचलतो, यादीत नाही ते घेत नाही, आणि सगळे गाळे संपल्यावरही यादीत काही उरलं तर तो "अनडिफाइन्ड रेफरन्स" म्हणून ओरडतो. तो नाव जसंच्या तसं जुळवतो. अर्थ बघत नाही, जवळपासचं चालवून घेत नाही.

ही यादी तुम्हाला स्वतः बघता येते. लिनक्सवर एनएम मेन.ओ अशी कमांड द्या. ज्या नावाआधी मोठा यू असेल ते शोधायचं आहे, ज्याच्या आधी मोठा टी असेल ते त्या फाइलमध्ये आहे. तीच कमांड लिबलुआ.ए या लायब्ररीवर चालवली की तिथे लुआएल_न्यूस्टेटच्या आधी टी दिसायला हवा. शेअर्ड लायब्ररी (प्रोग्रॅम चालताना बाहेरून जोडली जाणारी) असेल, म्हणजे शेवटी .एसओ, तर एनएमला मोठा डी हा पर्याय द्यावा लागतो. माझ्या मते लिंकरशी भांडणाऱ्या प्रत्येकाने इतर काहीही करायच्या आधी हे एकदा करून बघावं, कारण यू एकीकडे आणि टी दुसरीकडे असं डोळ्यांनी दिसलं की पुढचं सगळं समजायला लागतं.

## "पण लुआ तर इन्स्टॉल आहे की माझ्याकडे!"

असेल, पण काय इन्स्टॉल आहे ते बघा. डेबियन किंवा उबुंटूवर लुआ५.४ हे पॅकेज टाकलं की टर्मिनलवर चालणारा इंटरप्रिटर मिळतो. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये बसवायचं असेल तर हेडर आणि लिंक करायची लायब्ररी लागते, ती लिबलुआ५.४-डेव्ह या वेगळ्या पॅकेजमध्ये आहे. फेडोरावर तेच लुआ-डेव्हेल नावाने मिळतं.

आणि पॅकेज असलं तरी लिंकर आपणहून शोधायला जात नाही. हेडर इन्क्लूड केलं म्हणजे लायब्ररी आली असं सी मध्ये होत नाही, पायथॉन किंवा जावातून आलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. लायब्ररीचं नाव लिंकच्या कमांडमध्ये सांगावंच लागतं, डॅश छोटा एल आणि त्याला चिकटून नाव. तुम्ही -एललुआ लिहिलं की लिंकर लिबलुआ.एसओ नाहीतर लिबलुआ.ए शोधतो, पुढचं लिब आणि मागचं एक्स्टेन्शन तो स्वतः लावतो. डेबियन-उबुंटूवर फाइलचं नाव लिबलुआ५.४.एसओ असल्यामुळे तिथे -एललुआ५.४ लिहावं लागतं. नुसतं -एललुआ लिहिलं तर एरर वेगळी येते, कॅनॉट फाइंड -एललुआ. हा फरक महत्त्वाचा आहे. "कॅनॉट फाइंड" म्हणजे लायब्ररीची फाइलच सापडली नाही, "अनडिफाइन्ड रेफरन्स" म्हणजे दिलेल्या सगळ्या फाइल्स बघून झाल्या आणि त्यात ते नाव नाही. पहिल्यात पाथ आणि फाइलचं नाव तपासायचं, दुसऱ्यात पाथ बदलत बसून बहुधा काही होत नाही.

मधूनच "स्किपिंग इनकम्पॅटिबल" असं काहीतरी दिसलं तर फाइल सापडलीये पण ती ३२ बिटची आहे आणि तुमचा प्रोग्रॅम ६४ बिटचा, किंवा उलट. लिंकर ती फाइल बाजूला ठेवतो आणि पुढे शोधत राहतो.

हे सगळं हाताने लिहिण्यापेक्षा पीकेजी-कॉन्फिग या कमांडला विचारलेलं कधीही चांगलं. त्याला सीफ्लॅग्ज आणि लिब्ज हे दोन पर्याय आणि लुआ५.४ हे नाव दिलं की हेडरचा पाथ आणि लायब्ररीचं नाव दोन्ही एकाच ठिकाणहून मिळतात. एकाच ठिकाणहून मिळणं का महत्त्वाचं आहे ते पुढे येईलच.

## लायब्ररी दिली, नाव बरोबर आहे, तरी तेच

मग क्रम बघा. जीसीसी (लिनक्सवरचा नेहमीचा सी कंपाइलर, लिंकरलाही तोच बोलावतो) वापरताना जीसीसी -एललुआ मेन.सी असं लिहिलंय का? लिनक्सवरचा नेहमीचा लिंकर डावीकडून उजवीकडे एकदाच जातो. लुआच्या गाळ्यावर पोचला तेव्हा यादी कोरी होती, कारण मेन.सी अजून वाचलेलंच नाही, म्हणून त्याने तिथून काहीच घेतलं नाही, मग मेन.सी वाचल्यावर यादी भरली, पण तो मागे फिरत नाही. म्हणून जो मागतो तो आधी आणि जो देतो तो नंतर, म्हणजे जीसीसी मेन.सी -एललुआ.

"माझ्या मित्राच्या मशीनवर उलट्या क्रमानेही चालतं" असं बऱ्याचदा ऐकायला मिळतं आणि ते खोटं नसतं. नेहमीच्या लिंकरवर स्टॅटिक लायब्ररीला, म्हणजे प्रोग्रॅमच्या आतच कॉपी होणाऱ्या .ए फाइलला, हा नियम कायम लागतो. शेअर्ड लायब्ररीच्या बाबतीत लिंकर एरवी क्रमाचं फारसं मनावर घेत नाही, पण उबुंटूने ११.१० पासून ॲज-नीडेड हा पर्याय कायमचा चालू ठेवलाय, त्यामुळे तिथे शेअर्ड लायब्ररीही आधी लिहिली की ती वगळली जाते. सगळ्या डिस्ट्रोमध्ये तसं नाही. एलएलव्हीएमचा एलएलडी लिंकर तर आधी पाहिलेल्या लायब्ररीतली नावं लक्षात ठेवतो. म्हणजे मित्राचा कोड वेगळा नाही, लिंकरची सवय वेगळी आहे. तुम्ही बरोबर क्रम लिहिलात तर तो सगळीकडे चालतो.

## नावापुढे कंस आहेत का बघा

ही माझी सगळ्यात आवडती खूण आहे कारण ती डोळ्यासमोर असते आणि कोणी बघत नाही. या दोन एरर शेजारी शेजारी ठेवा:

अनडिफाइन्ड रेफरन्स टू लुआ_क्लोज

अनडिफाइन्ड रेफरन्स टू लुआ_क्लोज(लुआ_स्टेट*)

पहिलीत नुसतं नाव आहे. दुसरीत नावापुढे कंस आहेत आणि कंसात फंक्शन काय घेतं तेही लिहिलंय. दुसरी दिसली की लायब्ररी, पाथ, क्रम यातलं काहीही चुकलेलं नसू शकतं, भानगड सी आणि सी प्लस प्लसच्या नावं ठेवण्याच्या पद्धतीत आहे.

सी प्लस प्लसमध्ये एकाच नावाची अनेक फंक्शन्स असू शकतात, एक पूर्णांक घेणारं, एक स्ट्रिंग घेणारं. लिंकरला तर नावावरूनच ओळखायचंय. म्हणून सी प्लस प्लसचा कंपाइलर नावातच सगळी माहिती कोंबतो, याला नेम मँगलिंग म्हणतात. जी++ ने कंपाइल केलेल्या फाइलवर साधं एनएम चालवा, लुआ_क्लोजच्या जागी काय दिसतं तर _झेड९लुआ_क्लोजपी९लुआ_स्टेट. वाचायला विचित्र वाटतं पण सरळ आहे, _झेड म्हणजे हे मँगल केलेलं नाव आहे, पुढचा ९ म्हणजे नाव इंग्रजीत नऊ अक्षरांचं आहे (खालची रेघ धरून), मग नाव, मग पी म्हणजे पॉइंटर, आणि कशाचा पॉइंटर तर परत नऊ अक्षरांच्या लुआ_स्टेटचा. लिंकर एरर छापताना हे उलगडून कंसांसकट दाखवतो म्हणून आपल्याला ते नीटस दिसतं.

आता लुआची लायब्ररी सी मध्ये कंपाइल झालेली आहे, तिथे नाव साधं लुआ_क्लोज आहे. तुमचा कोड मागतोय ते लांबलचक नाव. दोन्ही जुळणार कसे? उपाय म्हणजे सी प्लस प्लसच्या कंपाइलरला सांगायचं की ही फंक्शन्स सी ची आहेत, नावं बदलू नको. हेडर इन्क्लूड करताना ते एक्स्टर्न "सी" च्या महिरपी कंसात टाकायचे, नाहीतर लुआसोबत लुआ.एचपीपी नावाची छोटी फाइल येते ती इन्क्लूड करायची, ती नेमकं हेच करते. एवढ्या एका ओळीने तीस-चाळीस एरर एका झटक्यात जातात.

"मग लुआच्या लोकांनी लुआ.एच मध्येच हे का नाही टाकलं?" चांगला प्रश्न आहे. लुआचा कोड सी आणि सी प्लस प्लस दोन्हीत कंपाइल होईल असाच लिहिलाय, आणि काही लोक तो मुद्दाम सी प्लस प्लसमध्ये कंपाइल करतात, कारण मग लुआमधली एरर लाँगजंपने (सी मधली थेट मागे उडी मारायची सोय) उडी न मारता एक्सेप्शन म्हणून वर येते आणि तुमच्या ऑब्जेक्टचे डिस्ट्रक्टर नीट चालतात. तशा लायब्ररीत नावं मँगल झालेली असतात, तिथे लुआ.एचपीपी वापरलं तर उलटीच एरर येणार, कंस नसलेली. म्हणून निवड तुमच्यावर सोडलीये.

## "हे फंक्शन तर मी लिहिलंच नव्हतं!"

दुसरी मोठी खूण. तुमच्या कोडमध्ये लुआ_पीकॉल आहे आणि लिंकर म्हणतोय अनडिफाइन्ड रेफरन्स टू लुआ_पीकॉलके. शेवटचं के अक्षर कुठून आलं? तुम्ही पूर्ण प्रोजेक्टमध्ये शोधलं तरी सापडणार नाही. माणूस इथे स्वतःच्याच कोडवर शंका घ्यायला लागतो, पण कोड ठीक असतो.

लुआ ५.१ मध्ये, जी २००६ सालची आहे, लुआ_पीकॉल हे खरं फंक्शन होतं. २०११ च्या शेवटी ५.२ आली त्यात खरं फंक्शन लुआ_पीकॉलके झालं आणि लुआ_पीकॉल हा हेडरमधला मॅक्रो झाला, म्हणजे कंपाइल करताना त्या जागी लुआ_पीकॉलके भरलं जातं. तेव्हा या एररचा अर्थ एकच, तुमचं हेडर ५.२ किंवा त्यापुढचं आहे आणि लायब्ररी ५.१ ची किंवा लुआजिटची (लुआजिट ही लुआची वेगवान पर्यायी अंमलबजावणी, ती ५.१ शी सुसंगत आहे). लुआएल_लोडफाइलएक्स आणि लुआ_टुनंबरएक्स दिसलं तरी हेडर नवं आणि लायब्ररी ५.१ ची. लुआ_न्यूयूझरडेटायूव्ही दिसलं तर हेडर ५.४ चं आहे आणि लायब्ररी ५.३ किंवा आधीची.

उलटंही होतं. लुआएल_रजिस्टर किंवा लुआ_ऑब्जलेन सापडत नाही म्हणतोय तर हेडर ५.१ चं आणि लायब्ररी नवी. पण इथे अजून एक शक्यता आहे, हेडर आणि लायब्ररी दोन्ही नवीन आहेत आणि कोडच जुन्या ट्यूटोरियलमधून उचललाय. नेटवर लुआ बसवण्याबद्दलचं बरंच लिखाण ५.१ च्या काळातलं आहे, त्यात लुआ_ओपन, लुआएल_रजिस्टर सर्रास असतं, आणि ५.४ मध्ये ती नावंच राहिलेली नाहीत. मग कंपाइलरने तेव्हाच का नाही अडवलं? सी प्लस प्लसमध्ये अडवतोच. सी मध्ये मात्र माहीत नसलेलं फंक्शन बोलावलं की जीसीसी वर्षानुवर्षं फक्त वॉर्निंग देऊन पुढे जायचा आणि ती वॉर्निंग बाकीच्या आउटपुटमध्ये हरवून जायची. २०२४ सालच्या जीसीसी १४ पासून ती सरळ एरर झालीये, आणि हे फार बरं झालं. जुना जीसीसी असेल तर "इम्प्लिसिट डिक्लेरेशन" हे शब्द आउटपुटमध्ये शोधा.

हेडर एकीकडचं आणि लायब्ररी दुसरीकडची, असं होतं कसं? अगदी सहज होतं. एकदा सोर्स उतरवून मेक इन्स्टॉल केलेलं असतं, त्याची हेडर /यूएसआर/लोकल/इन्क्लूडमध्ये बसतात. नंतर कधीतरी पॅकेज मॅनेजरने दुसरी आवृत्ती आलेली असते. कंपाइलर आपल्या पाथवर पहिलं सापडेल ते हेडर घेतो, लिंकर आपल्या पाथवर पहिली सापडेल ती लायब्ररी, आणि दोघांचं आपसात काही बोलणं नसतं. नक्की कुठली फाइल घेतली हे बघायचं असेल तर जीसीसीला डॅश मोठा एच द्या, तो प्रत्येक हेडरचा पूर्ण पाथ छापतो, आणि लिंकरला ट्रेस हा पर्याय द्या (-डब्ल्यूएल,--ट्रेस), तो उघडलेल्या फायलींची नावं छापतो. दोन पाथ शेजारी ठेवले की वाद संपतो. पीकेजी-कॉन्फिग वापरा म्हटलं ते यासाठीच.

## नाव लुआचं नाहीच, पॉव किंवा डीएलओपन आहे

हे सोपं आहे. लिबलुआ.ए स्टॅटिक लिंक केली की तिच्या स्वतःच्या गरजाही यादीत येतात, गणितासाठी पॉव, एफमॉड, आणि बाहेरची मॉड्यूल लोड करण्यासाठी डीएलओपन, डीएलसिम. म्हणून लुआच्या नंतर -एलएम आणि -एलडीएल द्यायचं. २०२१ च्या ग्लिबसी (लिनक्सवरची मुख्य सी लायब्ररी) २.३४ पासून डीएलओपन मुख्य लायब्ररीतच आलंय, त्यामुळे नव्या मशीनवर -एलडीएल विसरलात तरी चालून जातं आणि जुन्या सर्व्हरवर नेमकं अडतं. -एलएम मात्र अजूनही लागतं. एररमध्ये "डीएसओ मिसिंग फ्रॉम कमांड लाइन" असे शब्द असतील तर लायब्ररी कुठली राहिली तिचं नावही लिंकर सांगतोय, तीच कमांडमध्ये टाका.

एक्झिक्युटेबलऐवजी शेअर्ड लायब्ररी बनवत असाल आणि "रिकम्पाइल विथ -एफपीआयसी" आलं, तर तुमची लिबलुआ.ए त्या पर्यायाशिवाय बनलीये, लुआचाच सोर्स -एफपीआयसी देऊन परत कंपाइल करा.

## "त्यापेक्षा लुआचा सगळा सोर्सच प्रोजेक्टमध्ये टाकला तर?"

टाका, खरंच टाका. छोट्या-मध्यम प्रोजेक्टसाठी मला तरी हाच मार्ग सगळ्यात चांगला वाटतो. लुआ ५.४ च्या सोर्समध्ये .सी फाइल्स तीस-पस्तीस आहेत, काही सेकंदांत कंपाइल होतात, आणि हेडर व लायब्ररी वेगवेगळ्या आवृत्तीची असण्याचा प्रश्नच निकालात निघतो.

फक्त एक गोष्ट. सगळ्या फाइल्स उचलून टाकल्या की मल्टिपल डेफिनिशन ऑफ मेन अशी एरर येईल. त्यातली लुआ.सी म्हणजे टर्मिनलवरचा इंटरप्रिटर आणि लुआक.सी म्हणजे लुआचा कंपाइलर, दोघांत स्वतःचं मेन आहे आणि तुमच्याकडे तिसरं. त्या दोन फाइल्स वगळा, बाकी सगळ्या ठेवा. आणि प्रोजेक्ट सी प्लस प्लसचा असेल तर बिल्ड सिस्टिम त्या .सी फाइल्स सी म्हणूनच कंपाइल करतेय ना ते बघा, नाहीतर वरचं कंसांचं प्रकरण उलट्या बाजूने परत येतं.

## लिंक झालं, पण चालवताना पडतं

इथे लिंकर नाही, लोडर (प्रोग्रॅम सुरू होताना शेअर्ड लायब्ऱ्या शोधून आणणारा) बोलतोय, पण नाव शोधण्याचाच प्रकार आहे. "लिबलुआ५.४.एसओ.०: कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल" आलं तर लिंक करताना लायब्ररी होती आणि चालवताना त्या जागी मिळाली नाही. एलडीडी कमांड तुमच्या प्रोग्रॅमवर चालवा, कुठली लायब्ररी "नॉट फाउंड" आहे ते दिसेल. (लुआच्या मूळ सोर्समधून मेक इन्स्टॉल केलं तर फक्त स्टॅटिक लायब्ररी बनते, तेव्हा तिथे हा प्रश्न येत नाही.)

जास्त चकवणारी केस अशी असते, की लुआ तुमच्या प्रोग्रॅममध्ये स्टॅटिक बसलीये, प्रोग्रॅम छान चालतो, आणि स्क्रिप्टमधून रिक्वायर करून एखादं सी मध्ये लिहिलेलं मॉड्यूल मागितलं की "अनडिफाइन्ड सिंबल: लुआ_सेटटॉप". लुआ तर आत आहे की! आहे, पण एक्झिक्युटेबलमधली नावं बाहेरच्या मॉड्यूलला आपोआप दिसत नाहीत. लिंक करताना -डब्ल्यूएल,-ई द्या, म्हणजे ती उघडी होतात. लुआचा स्वतःचा इंटरप्रिटर लिनक्सवर हाच पर्याय देऊन लिंक होतो.

काही जण यावर उपाय म्हणून त्या मॉड्यूललाही लिबलुआ.ए लिंक करून टाकतात. ते करू नका. मग एका प्रोसेसमध्ये लुआच्या दोन प्रती होतात. ५.२ आणि ५.३ मध्ये "मल्टिपल लुआ व्हीएम्स डिटेक्टेड" अशी एरर येते ती यामुळेच.

## विंडोज आणि पायथॉनवाल्यांसाठी

विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओत हेच एलएनके२०१९, अनरिझॉल्व्ड एक्स्टर्नल सिंबल, म्हणून येतं, आणि फाइल न सापडणं म्हणजे एलएनके११०४. नावाच्या सुरुवातीला __इम्प_ दिसलं तर तुमचा कोड डीएलएल अपेक्षित करतोय, म्हणजे लुआ_बिल्ड_ॲज_डीएलएल हा मॅक्रो चालू आहे आणि तुम्ही स्टॅटिक लायब्ररी दिलीये. मॅक्रो काढा किंवा लायब्ररी बदला.

पायथॉन बसवताना पीवाय_इनिशियलाइझ सापडत नाही अशी एरर आली तर पायथॉन ३.८ लक्षात ठेवा. २०१९ च्या त्या आवृत्तीपासून पायथॉन३-कॉन्फिग ही कमांड लिंकचे पर्याय देताना पायथॉनची मुख्य लायब्ररी देतच नाही, कारण एक्स्टेन्शन बनवणाऱ्यांना ती लागत नाही. बसवणाऱ्यांनी त्याला --एम्बेड सांगायचं, किंवा पीकेजी-कॉन्फिगमध्ये पायथॉन३-एम्बेड हे नाव वापरायचं. जुनी मेकफाइल नव्या मशीनवर अचानक मोडते ती बऱ्याचदा यामुळे. विंडोजवर डीबग बिल्ड करताना शेवटी _डी असलेली पायथॉनची .लिब फाइल मागितली जाते, ती पायथॉन इन्स्टॉल करताना डीबग बायनरीचा पर्याय निवडला असेल तरच असते.

## "शेवटी एरर गेली, म्हणजे सगळं जुळलं ना?"

नाही, आणि हे सांगायलाच हवं. लिंकर फक्त नावं जुळवतो. हेडरमधले आकडे कंपाइल होतानाच तुमच्या कोडमध्ये मुरलेले असतात, ते त्याला दिसत नाहीत. उदाहरण बघा, लुआच्या रजिस्ट्रीपर्यंत (सी कोडला डेटा ठेवायला दिलेल्या टेबलपर्यंत) पोचायला लुआ_रजिस्ट्रीइंडेक्स हा आकडा वापरतात. ५.१ च्या हेडरमध्ये तो उणे १०००० आहे, ५.४ मध्ये उणे १००१०००. आता समजा हेडर ५.१ चं आहे, लायब्ररी ५.४ ची, आणि तुम्ही दोन्हीकडे असलेलीच फंक्शन्स वापरलीत, लुआएल_न्यूस्टेट, लुआ_रॉगेटआय, लुआ_क्लोज. सगळी नावं जुळतात, लिंकर एक शब्द बोलत नाही, आणि चालवताना रजिस्ट्रीऐवजी मेमरीत भलतीकडेच हात घातला जातो. क्रॅश झाला तर नशीब, नाहीतर चुकीचा डेटा घेऊन प्रोग्रॅम चालत राहतो.

म्हणून लिंकरने लुआ_पीकॉलके म्हणून अडवलं तर ती एरर "कशीतरी घालवायची" असं करू नका. लुआ_पीकॉलकेचं स्वतःचं खोटं फंक्शन लिहून लिंकरला गप्प करायचा सल्ला कोणी दिला तर मुळीच ऐकू नका, आवृत्त्या जुळवा. आणि लुआएल_न्यूस्टेटच्या लगेच खालच्या ओळीत लुआएल_चेकव्हर्जन टाकून ठेवा. ५.२ पासून ते आहे, तुमचं हेडर कुठल्या आवृत्तीचं आणि चालू असलेली लायब्ररी कुठल्या आवृत्तीची हे ते प्रोग्रॅम सुरू होतानाच ताडून बघतं आणि जुळत नसेल तर तिथेच थांबवतं. लुआजिट किंवा ५.१ ची लायब्ररी चुकून लिंक झाली तर तिच्यात हे फंक्शनच नाही, त्यामुळे चालवायच्या आधी लिंकरच लुआएल_चेकव्हर्जन_ सापडत नाही म्हणून सांगेल, शेवटच्या अंडरस्कोरसकट.